चुलीची साक्ष

दोस्तहो, कलेक्टर कचेरीवर मोर्चा न्यायचा ठरला की आपली पोरे निवेदन लिहायला बसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला अडतात. घोषणा तोंडपाठ असतात, मागण्या ठरलेल्या असतात. अडते ते आकड्यापाशी. एक जण मोबाईल पुढे करून म्हणतो, "हे पाय, भारतात शंभरातली सत्तावीस घरं अजून अस्पृश्यता पाळतात. टाक हे." दुसरा म्हणतो, "पण त्याच पाहणीत महाराष्ट्राचे चारच सांगतले हायेत. ते नको टाकू." तिसरा कोपऱ्यातून बोलतो, "मोजनारे त्यायचे, आकडे त्यायचे. कायले पायजे आपल्याले?"

हे भांडण मी वर्ध्यात ऐकले, हिंगणघाटला ऐकले, पुलगावला ऐकले. वरवर ते निवेदनाचे भांडण आहे. मला ते नीतीचे वाटते. सोयीचा आकडा घ्यायचा आणि गैरसोयीचा गाळायचा, हा अधिकार आपल्याला आहे काय? ज्यांनी पोथ्या लिहून आपल्याला माणसातून उठवले, त्यांच्याशी लढताना थोडे इकडचे तिकडे झाले तर बिघडले कुठे? असे विचारणारा कार्यकर्ता लबाड नसतो, चिडलेला असतो. त्याला उपदेश नको, उत्तर पाहिजे.

आधी तिसऱ्याचे घेऊ, कारण त्याचे म्हणणे सगळ्यात जुने आहे. मोजणारे त्यांचे, हे खरेच आहे. खानेसुमारी इंग्रजांनी सुरू केली ती काही आपल्या कल्याणासाठी नव्हे. पण १९१९ साली बाबासाहेब साउथबरो समितीपुढे साक्षीला उभे राहिले तेव्हा त्यांनी आकड्यांना हात लावणार नाही असे म्हटले नाही. सरकारच्याच आकड्यांवर बोट ठेवून त्यांनी विचारले, एवढी लोकसंख्या आणि प्रतिनिधी किती? पुढे १९३२ साली लोथियन समितीत तर वेगळाच तमाशा झाला. काही प्रांतांतून साक्षीदार येऊन सांगू लागले की आमच्याकडे अस्पृश्य जवळजवळ नाहीतच. बाबासाहेबांनी नेमके ओळखले. अस्पृश्यांच्या संख्येला काही किंमत नव्हती तोवर ती संख्या कोणी नाकारली नाही. संख्येवर जागा मिळणार असे दिसताच माणसे कागदावरून नाहीशी होऊ लागली. विहिरीवर अस्पृश्य, मतदारयादीत गायब!

आणि हे फक्त इंग्रजांच्या काळातले नाही. २०१७-१८ साली देशभर घराघरांच्या खर्चाची पाहणी झाली. तिचा अहवाल सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये अडवून ठेवला. आकड्यांचा दर्जा बरोबर नाही, असे कारण दिले. वर्तमानपत्रात जो अहवाल फुटला त्यात माणशी खर्च २०११-१२ पेक्षा घटल्याचे दिसत होते. आता तिसऱ्या भावाला माझे एवढेच विचारणे आहे. सारे आकडे त्यांच्याच सोयीचे असते, तर त्यांनी तो गाडून कशाला ठेवला असता? मोजणारा एक असतो, मोजायला लावणारा दुसरा असतो, आणि उत्तर देणारे घर तिसरेच असते. हे घर कधीकधी असे काही बोलून जाते की वरच्याची पंचाईत होते.

या घराबद्दल बोलले पाहिजे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५० साली सुरू झाले, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कल्पनेतून. एवढ्या मोठ्या देशात दरवेळी प्रत्येक दारात जाणे शक्य नाही, म्हणून चिठ्ठी टाकावी तशी गावे निवडायची, मग गावातली घरे निवडायची, आणि त्यांच्या उत्तरांवरून देशाचा अंदाज बांधायचा. तिथे घर म्हणजे काय? चार भिंती नव्हे. रक्ताचे नातेही नव्हे. एका चुलीवर ज्यांचा स्वयंपाक होतो ते एक घर. जनगणनाही तसेच धरते. सरकार आपल्याला चुलीने मोजते. मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा गंमत वाटली, कारण गावानेही आपल्याला चुलीनेच मोजलेले आहे. कोणाच्या चुलीपाशी कोण जाऊ शकतो यावरच तर सगळी जात उभी आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी दोन हंगाम ठेक्यावर सर्व्हेवाला म्हणून फिरलो आहे. कोणाच्या ठेक्यावर ते इथे सांगत नाही. गावात गेले की पहिले काम यादीचे. गावातले प्रत्येक घर लिहायचे, एकही सोडायचे नाही. मग त्या यादीतून ठरलेल्या रीतीने घरे निघतात. ऐकायला सोपे आहे. पण गावात शिरल्यावर तुम्ही कोणाला भेटता? पोलीस पाटलाला, सरपंचाला. ते ओट्यावर बसवतात, चहा पाजतात आणि म्हणतात, "साहेब, उन्हातानात कुठं फिरता? मी सांगतो न नावं." एका गावात नावे सांगून झाली, आणि नाल्यापलीकडच्या वस्तीचे एकही घर त्यात नव्हते. विचारले तर म्हणाले, "तिकडं काय लिहिता, तेच ते." आमचा वरचा माणूसही घाईत होता, त्याला सायंकाळच्या आत गाव उरकायचे होते. आम्ही दोघे उठून नाला ओलांडून गेलो, आणि यादी दुप्पट नाही तरी बरीच लांब झाली. दोस्तहो, चिठ्ठीला जात नसते, हे खरे. पण यादीला असते. जे घर यादीत नाही ते चिठ्ठीत येणार कुठून? सरकारी आकडे तपासायचे तर ते मुंबई-दिल्लीत नंतर तपासा, आधी आपल्या गावच्या नाल्यावर तपासा. सर्व्हेवाला आला की त्याला वस्तीत घेऊन जाणे, हे आंदोलनाचे काम आहे असे मी मानतो. त्यात भाषण नाही, हार नाही, म्हणून कोणी करत नाही.

त्याच वस्तीत एका आजीचे घर निवडीत आले. एकटी राहणारी बाई, निंदणाला जाणारी. महिन्याभरात तेल किती, मीठ किती, चहापत्ती किती, वर्षात लुगडे किती, औषधाला किती, असे विचारत विचारत दोन तास गेले. तिने सगळे सांगितले. काही सांगताना हसली, काही सांगताना गप्प झाली. शेवटी म्हणाली, "बाबू, माह्या एकटीचं लिहून का व्हते?" मी म्हटले, आजी, तुमच्यासारख्या हजार घरांच्या वतीने हे एक घर निवडले आहे. तुम्ही सांगाल ते त्या हजार घरांचे म्हणून धरतील. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मंग त्या हजार घरायले इचारलं काय, का मी त्यायच्या वतीनं बोलू म्हनून?"

पुष्कळ पुस्तके वाचलेल्यांकडूनही मी हा प्रश्न ऐकलेला नाही. प्रतिनिधित्वाचा सगळा झगडा त्यात आहे. आपल्या वतीने कोणी बोलायचे, कोणी ठरवायचे, यासाठीच तर बाबासाहेब गोलमेज परिषदेत भांडले. आमदार आपल्या वतीने बोलतो तेव्हा निदान आपण त्याला पाडू शकतो. या आजीला पाडणार कोण? आणि तिला तरी कुठे ठाऊक होते की ती हजारांची प्रतिनिधी आहे? मी खूप विचार केला. मला असे वाटते की ती प्रतिनिधी नाहीच. ती साक्षीदार आहे. प्रतिनिधी आपल्या वतीने मागणी करतो, त्याला आपली संमती लागते. साक्षीदार जे पाहिले, जे भोगले ते सांगतो. त्याला कोणाची संमती लागत नाही. पण मग एक जबाबदारी येते, आणि ती तिच्यावर येत नाही. ती तिची साक्ष वापरणाऱ्यावर येते. तिने जेवढे सांगितले तेवढेच तिच्या तोंडी घालायचे. वकिलाने साक्षीदाराच्या तोंडी आपले वाक्य घातले तर आपण त्याला काय म्हणतो? मोर्चाच्या निवेदनात आपण वकील असतो.

आता ही साक्ष ठेवली कुठे आहे ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटते की ती मंत्रालयाच्या तिजोरीत आहे. तसे नाही. पूर्वी या पाहण्यांच्या कच्च्या नोंदी सीडीवर विकत घ्याव्या लागत. आता केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवले की फुकट उतरवता येतात. कच्ची नोंद म्हणजे एकेका घराची ओळ. त्यात आजीचे नाव नाही, गावाचे नाव नाही. नुसती आकड्यांची रांग, आणि कोणत्या खणात काय आहे ते सांगणारी एक किल्ली सोबत. समाजगटाच्या खणात १ म्हणजे अनुसूचित जमाती, २ म्हणजे अनुसूचित जाती, ३ म्हणजे इतर मागास, ९ म्हणजे उरलेले. धर्माच्या खणात ६ म्हणजे बौद्ध. आणि शेवटी एक मोठी संख्या असते, गुणक. हे घर किती घरांच्या बदली उभे आहे ते त्यावरून कळते. २०२२-२३ च्या खर्चाच्या पाहणीत २,६१,७४६ घरे घेतली होती. म्हणजे सरासरीने एकेक घर हजारावर घरांची साक्ष देत होते. मी आजीला हजार म्हटले ते काही उगाच नव्हे.

त्या पाहणीचे जे पत्रक निघाले त्यात खेड्यातल्या अनुसूचित जातीच्या माणसाचा महिन्याचा खर्च सरासरी ३,४७४ रुपये आणि 'उरलेल्यां'चा ४,३९२ रुपये असा दिला आहे. हे साऱ्या देशाचे. बौद्धांची वेगळी ओळ त्या पत्रकात नाही. पण कच्च्या नोंदीत आहे! धर्म ६ आणि राज्य महाराष्ट्र, एवढे निवडले की आपली घरे समोर येतात. ती बेरीज करायची कोणी? दिल्लीचा प्राध्यापक करील अशी वाट पाहत बसायचे काय? यासाठी लागणारी सामग्री फुकट मिळते, आणि आपल्या वस्तीत हिशेब शिकलेली, संगणक येणारी पोरेपोरी आता आहेत. महिना-दोन महिने डोके घातले की जमते. भजनी मंडळासारखे रोज बसावे लागते, एवढेच.

दुसरी साक्ष आरोग्याची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ साली झाली, पाचवी २०१९-२१ मध्ये. मुंबईत देवनारला जी लोकसंख्या संस्था आहे ती हे काम पाहते. त्यात बाईच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासतात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये रक्त कमी असलेल्या चौथ्या फेरीत शंभरात ४८ होत्या, पाचव्या फेरीत ५४ झाल्या. सोयाबीन पिकवणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायांच्या अंगात रक्त नाही, आणि हे त्यांच्याच रक्ताने सांगितले आहे. या पाहणीच्या कच्च्या नोंदी अभ्यासकांना मिळत त्या अमेरिकेतल्या एका कार्यक्रमामार्फत. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारने पैसा थांबवला आणि नवे अर्ज घेणे थांबले. आता बोला. बोट सुईने टोचले ते इथल्या बाईचे, आणि तिजोरीची किल्ली समुद्रापलीकडे. छापील अहवाल, जिल्ह्यांची पत्रके आपल्याकडे आहेत, ती कोणालाही मिळतात. पण कच्ची नोंद इथल्या विद्यापीठात, इथल्या भाषेतल्या किल्लीसकट का नसावी, हा प्रश्न आपल्या निवेदनात मला अजून एकदाही दिसला नाही.

आता वर्ध्याचे. कार्यकर्ता विचारतो, "सर, वर्धा जिल्ह्यातल्या दलितांचा खर्च किती, तेवढं काढून द्या." मी म्हणतो, येत नाही. त्याला राग येतो. पण हिशेब पाहा. त्या २०२२-२३ च्या पाहणीत एकेका निवडलेल्या ठिकाणी १८ घरे घेत. समजा वर्धा जिल्ह्यात दहा ठिकाणे आली. झाली १८० घरे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाखांवर, आणि त्यात अनुसूचित जाती शंभरात साडेचौदा. त्या प्रमाणात १८० घरांत आपली आली सव्वीस. आठ तालुके, आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत, आणि साक्षीदार सव्वीस. त्यातल्या एका घरी त्या महिन्यात लग्न निघाले किंवा कोणी सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती झाले, की सरासरी पार इकडची तिकडे. असा आकडा निवेदनात टाकला आणि समोरच्या अधिकाऱ्याने विचारले, किती घरांवरून काढला? तर तोंड कुठे लपवायचे? जानेवारी २०२५ पासून या सर्वेक्षणात जिल्हा हाच नमुन्याचा मूळ घटक धरायला सुरुवात झाली आहे. पुढे काही हाती लागेल. आजवरचे नाही. आरोग्य सर्वेक्षणाचे वर्धा जिल्ह्याचे पत्रक आहे, पण त्यात जातवार फोड नाही. जिल्ह्याचे जातवार हवे तर अजून २०११ च्या जनगणनेकडेच जावे लागते. तिथे गावनिहाय अनुसूचित जातीची लोकसंख्या आहे, आणि पाणी घरात की लांब, संडास आहे की नाही, दिवा विजेचा की घासलेटचा, हे अनुसूचित जातीच्या घरांपुरते वेगळे जिल्ह्यापर्यंत दिलेले आहे. जुने आहे, पण तिथे प्रत्येक चूल मोजलेली आहे. 'ही २०११ ची स्थिती आहे, त्यानंतर तुम्हीच मोजले नाही' असे लिहिले की आकड्याचा जुनेपणाही सरकारच्या खात्यावर जातो.

आता पहिल्या दोघांकडे वळतो. ज्या सत्तावीस आणि चारावरून त्यांचे भांडण, ती पाहणी सरकारी नाही. दिल्लीची एनसीएईआर ही संस्था आणि अमेरिकेचे मेरीलँड विद्यापीठ यांनी मिळून २००४-०५ मध्ये आणि पुन्हा २०११-१२ मध्ये बेचाळीस हजारांच्या आसपास घरांची मानव विकास पाहणी केली. दुसऱ्या वेळी घरांना विचारले, तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळते काय? नाही म्हटले तर पुढचा प्रश्न, अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला, तुमची भांडी वापरली तर चालेल काय? पाहा, पुन्हा चूलच. या दोन प्रश्नांवरून देशात शंभरात सत्तावीस घरांची कबुली निघाली. मध्य प्रदेशात त्रेपन्न. महाराष्ट्रात चार.

पहिला भाऊ म्हणतो सत्तावीस टाका. वर्ध्याच्या कलेक्टरला देशाचा आकडा द्यायचा आणि महाराष्ट्राचा दडवायचा, हे तर साक्षीदाराच्या तोंडी वाक्य घालणे झाले. दुसरा म्हणतो चार खोटा आहे, तो टाकूच नका. त्याचे म्हणणे मला कळते. ज्या महाराष्ट्रात २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडली तिथे शंभरात चार? पण आकडा काय सांगतो ते आधी नीट ऐकू. अस्पृश्यता किती घडते हे तो सांगतच नाही. किती जणांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केले, एवढेच तो सांगतो. आणि वर्ध्यात हे कबूल करणे किती अवघड! इथे १९२८ साली जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिर खुले केले. इथे १९३६ पासून गांधीजी शेगावात राहिले, ते गाव पुढे सेवाग्राम झाले. इथला कोणताही शहाणा माणूस सर्व्हेवाल्याला सांगणार, "आमच्याकडं तसलं काही नाही हो, हा तर बापूंचा जिल्हा." बोलायचे काय, हे तो शिकलेला आहे. ते त्याला आपल्या चळवळीने शिकवले, फुल्यांपासून आजपर्यंत. पूर्वी विटाळ मानणे ही फुशारकी होती, आता ती लपवावी लागते. एवढे आपण मिळवले.

पण इथे थांबता येत नाही. आर्वी-कारंजाकडून वर गेले की मध्य प्रदेश काही फार लांब नाही. तिथे त्रेपन्न आणि इकडे चार. एवढी सगळी तफावत निव्वळ खोटे बोलण्याची आहे काय? प्रामाणिकपणे मला तसे म्हणता येत नाही. काही फरक खरा पडला असणार. तो आपल्या आज्या-आजोबांनी पाडला आहे, आणि चार हा आकडा सरसकट खोटा म्हणताना आपण त्यांचेही श्रम पुसतो.

आणि अजून एक गोष्ट आहे, जी मोबाईलवरचा तो भाऊ वाचून दाखवत नाही. त्याच पाहणीत अनुसूचित जातीच्या घरांपैकी शंभरात पंधरांनी आपणही अस्पृश्यता पाळतो असे कबूल केले. आपणही! आपल्यातल्या उतरंडीची ही कबुली आहे. कोण मातंगाच्या घरी पाणी पीत नाही, कोण मेहतराच्या घरची सोयरीक ऐकून उठून जातो, हे काय आपल्याला ठाऊक नाही? आणि बौद्ध घरांत ही कबुली निघाली शंभरात एक. हा आकडा वाचून छाती फुगते, माझीही फुगली. मग मला आठवले की महाराष्ट्राच्या चारला मी काय म्हटले होते. ही कबुली आहे, आचरण नव्हे, असे. सवर्णांच्या चारवर शंका घ्यायची आणि आपल्या एकावर घ्यायची नाही? जे माप त्यांना तेच आपल्याला. बौद्ध माणसालाही ठाऊक आहे की सर्व्हेवाल्याला काय सांगायचे असते. या प्रश्नापासून आपण पळतो, आणि निवेदनातला सत्तावीसचा आकडा हे त्या पळण्याचे एक आडोशाचे झाड आहे, असे मला स्पष्ट दिसते.

उरला जातीच्या रकान्याचा प्रश्न, आणि तो आता दाराशी आला आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. ३० एप्रिल २०२५ ला केंद्राने जाहीर केले की येत्या जनगणनेत सर्वांची जात लिहिली जाईल. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भदिवस ठरला आहे. १९३१ नंतर पहिल्यांदाच. तुमच्यापैकी अर्धे म्हणतील, १४ ऑक्टोबर १९५६ ला जी जात नागपूरच्या मैदानात टाकून आलो ती आता पुन्हा स्वतःच्या तोंडाने का लिहायची? हा प्रश्न सोपा नाही. आज जो महाराष्ट्र आहे त्यात १९५१ साली बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ साली ते २७,८९,५०१ झाले. एवढ्या लोकांनी एकाच दशकात रकाना बदलला, आणि त्यासाठी केंद्राच्या सवलती गमावल्या. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीत धरले तोवर त्यांनी ती किंमत मोजली. तेव्हा या भावनेला कोणी भाबडी म्हणू नये.

पण २०११ चे पाहा. महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांवर. त्यातले अनुसूचित जातीत नोंदले गेलेले सुमारे ५२ लाख. मधले तेरा लाख कुठे गेले? काही इतर जातीजमातींतून धम्मात आलेले असतील, ते बरोबरच आहे. पण पुष्कळांनी जातीच्या रकान्यातही 'बौद्ध' सांगितले असणार, आणि त्या नावाची जात अनुसूचीत नाही. ते धर्मात मोजले गेले, जातीत गळाले. २०११ च्याच दुसऱ्या, सामाजिक-आर्थिक-जात गणनेची तर दशा अशी की राज्यात अनुसूचित जाती, जमाती आणि मागास मिळून ४९४ जाती अधिकृत, आणि कागदावर निघाल्या ४,२८,६७७. केंद्रानेच २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात हे सांगितले आणि जातीचे आकडे बाहेर काढले नाहीत. एकच जात हजार तऱ्हांनी लिहिली की असेच होते.

माझे मत सांगतो. धर्माचा रकाना विचारतो, तू कोण झालास? तिथे 'बौद्ध' लिहा, छाती ठोकून. जातीचा रकाना विचारतो, तुला या देशाने कोणत्या नावाने बाहेर ठेवले? तिथे ते नाव लिहायचे, अनुसूचीत आहे तसेच. ती श्रद्धेची नोंद नाही, साक्ष आहे. निंदणाला जाणाऱ्या आजीने जसे मीठ-तेल सांगितले तसे. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे एकेका घराचे उत्तर गुप्त राहते, ते कोणाविरुद्ध कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. तरीही ज्याच्या मनाला जातीचे नाव उच्चारणे पटणारच नाही, त्याच्यावर मी जबरदस्ती करणार नाही. फक्त त्याने हे जाणून करावे की तो एकटाच गळत नाही. त्याच्या वस्तीचा शाळेचा, पाण्याचा, जागेचा वाटाही त्याच्यासोबत कमी होतो.

जनगणनेच्या आधी एका वस्तीतल्या सगळ्या चुली आपणच मोजायच्या, असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. प्रश्नपत्रिका तयार होत आली. घरटी जमीन किती, पोरीने शाळा कोणत्या वर्गात सोडली, दारूवर किती जातात, कर्ज कोणाचे, हे सगळे त्यात आहे. एकविसावा प्रश्न मी घातला आहे : तुमच्या चुलीपाशी मातंग आणि मेहतर घरची माणसे बसून जेवतात काय? बैठकीत दोघांनी याला कडाडून विरोध केला. म्हणाले, हा आकडा बाहेर गेला तर उद्या तेच लोक आपल्या तोंडावर फेकतील. एका पोरीने विचारले, मग तो आपण मोजायचाच नाही काय? प्रश्न अजून पत्रिकेत आहे, त्यावर रेघही मारलेली आहे, आणि पुढच्या रविवारी त्यावर पुन्हा बसायचे आहे.